काहीच बिघडलं नाही म्हणून?

लाडक्या भाचीबाई,

पीएचडीचा विषय सोडायचं तुझ्या मनात आहे, हे मला तुझ्या आईकडून कळावं? आणि तेही बोलण्याच्या ओघात, गॅसवर दूध ठेवलेलं असताना? गाइडनी दुसरा विषय सुचवला, तुझंही मन उडालं, सगळं समजू शकते. पण तुझ्या फळमाश्यांची कुठलीही बातमी आधी मावशीला, हे आपलं ठरलेलं होतं ना?

शेवटचा फोन तूच केला होतास. मध्यरात्र उलटून गेली होती. ‘मावशी, माझ्या माश्या अगदी धडधाकट आहेत गं,’ एवढं म्हणालीस आणि हुंदके द्यायला लागलीस. तुझे काका दचकून उठून बसले. कोण आजारी आहे, काय झालं, विचारत राहिले. माश्या ठणठणीत आहेत म्हणून पोरगी रडते आहे, हे त्यांना कसं सांगणार?

मला मात्र कळलं होतं. इतकं खपून तू ते जनुक क्रिस्परनं, म्हणजे जनुकं कापायच्या त्या तंत्रानं, पुरतं कापून काढलंस. जनुकाची धड प्रत बाळगणाऱ्या, वळलेल्या पंखांच्या खुणेच्या बॅलन्सर गुणसूत्रासमोर स्टॉक बांधलास. मग त्याच माश्यांचा आपसात क्रॉस लावून वाट बघत बसलीस. बाटलीतल्या झाडून सगळ्या माश्या वळलेल्या पंखांच्या निघाल्या असत्या, तर दोन्ही प्रती गमावलेली माशी जगत नाही असा अर्थ झाला असता, आणि तुझं जनुक जीवनावश्यक ठरलं असतं. निघालं काय? तिसरा हिस्सा सरळ पंखांच्या, चपळ, टवटवीत माश्या. तू त्यांचे डोळे तपासलेस, पाठीवरचे केस मोजलेस, पंखांच्या शिरा पाहिल्यास, अंडी मोजलीस. सगळं जिथल्या तिथे. शेवटी म्हणालीस, ‘रिकामटेकडं जनुक आहे ते. शेजारी त्याचं जुळं आहेच सगळं काम करायला. ह्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.’

तुझं रडणं मी विसरेन, हे वाक्य विसरणार नाही. त्या वाक्यासाठीच हे पत्र. तुला पाठवते आहे आणि छापायलाही देते आहे. रागावलीस तर रागाव. पण असं वाक्य मनात धरून हातातलं काम खाली ठेवणारी तू एकटी नसशील, आणि त्या सगळ्यांशी मला बोलायचं आहे.

आठवतं, कॉलेजच्या सुट्टीत तू आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसायचीस? फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी सोडवायला मी तुला तिथेच शिकवलं. दोन सुया, मिठाच्या पाण्याचा थेंब, आणि थरथरणारा हात. रंग दिल्यावर ती जाडजूड गुणसूत्रं दिसली, त्यांच्यावरचे ते गडद-फिके पट्टे दिसले, आणि तू सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनास. बाहेर पोरं घरी गेली, शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे राहिले, तरी तुझं आपलं ‘एकच मिनिट’. त्या दिवशी परतताना बसमध्ये मी तुला ‘बार’ची गोष्ट सांगितली होती. तू ती लक्षात ठेवलीस की नाही, कुणास ठाऊक.

1914 मध्ये नोंदवली गेलेली ती माशी. धडक्या माशीच्या डोळ्यात साधारण 780 नेत्रिका असतात. बारच्या मादीत त्या उरतात 70च्या आसपास, आणि डोळा म्हणजे नुसती उभी पट्टी. गंमत अशी, की बारच्या शुद्ध वाणातूनच अधूनमधून पुन्हा चांगल्या डोळ्याची माशी निघायची, आणि कधी बारपेक्षाही बारीक डोळ्याची. स्टर्टेव्हंटनं 1925 मध्ये त्याचा उलगडा केला. गुणसूत्रांची देवाणघेवाण होताना दोन्ही नीट समोरासमोर आली नाहीत, जरा सरकली, की एकाकडे तुकडा दुप्पट जातो आणि दुसऱ्याकडून तो गळतो. पुढे 1936 मध्ये ब्रिजेसनं लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर तो दुप्पट झालेला तुकडा डोळ्यांनी पाहिला. पट्ट्यांची तीच ओळ, लागून पुन्हा एकदा. त्याच सुमाराला मलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनाही ते दिसलं. एका जनुकाची दोन कशी होतात, हे माणसानं पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्या ह्या चिलटात.

आणि पुढे काय सापडलं? त्या भागात मुळात शेजारी-शेजारी दोन सारखी जनुकं आहेत, बारएच1 आणि बारएच2. ती जोडी बारच्या बिघाडाहून कितीतरी जुनी. डोळ्यातल्या काही ठरावीक पेशी घडवायला आणि अंगावरच्या काही संवेदनेंद्रियांचा प्रकार ठरवायला दोन्ही राबतात, आणि बऱ्याच ठिकाणी एक नसलं तर दुसरं निभावून नेतं. एकच काढून बघणाऱ्याला काय दिसलं असतं? जे तुला दिसलं, तेच.

आता एक विचारते. 1980 चा न्यूसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांचा तो प्रसिद्ध निबंध तुझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे, नाही का? हायडेलबर्गमध्ये दोघांनी मिळून हजारो वाण तपासले, अळीच्या कातडीवरचे दातेरी पट्टे कुठे मोडतात ते एकेक करून पाहिलं, आणि शरीराचे खंड पाडणारी 15 जनुकं मांडली. त्या कामाला 1995 चं नोबेल मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण त्या पंधरांची नावं आज पुन्हा वाच. त्यात एन्ग्रेल्ड आहे, इन्व्हेक्टेड नाही. गूजबेरी आहे, गूजबेरी-न्यूरो नाही. क्निर्प्स आहे, क्निर्प्स-रिलेटेड नाही. का नसावीत? तुझ्या जनुकासारखंच. एकेकटी काढली तर अळीच्या कातडीवर काही मोडताना दिसत नाही. ज्यांच्या जाण्यानं मोडतोड होते, तीच त्या यादीत येऊ शकत होती. ही त्या शोधाची उणीव मुळीच नव्हे. तो प्रश्नच तसा विचारलेला होता. पण त्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या जनुकांना कामच नाही, असं त्या दोघांनी कुठे म्हटलं आहे? मग तू का म्हणतेस?

एन्ग्रेल्ड आणि इन्व्हेक्टेडचंच घे. गुणसूत्रावर एकमेकांना लागून, दोघांची नियंत्रण करणारी डीएनएची पट्टी बरीचशी सामाईक, आणि दोन्ही चालू होतात ती प्रत्येक खंडाच्या मागच्या भागात. एन्ग्रेल्ड गेलं की गर्भ मरतो. इन्व्हेक्टेड गेलं तर प्रयोगशाळेतली माशी जगते, उडते, अंडी घालते. इथवर ऐकून तू पुन्हा तुझंच वाक्य म्हणशील. पण ही जोडी फक्त माशीत नाही. मधमाशीत आहे, रेशमाच्या पतंगात आहे, पिठातल्या भुंगेऱ्यात आहे, आणि तिथेही दोघं शेजारी-शेजारीच. या कीटकांचे पूर्वज एकमेकांपासून दुरावून कोट्यवधी वर्षं लोटली. ज्याचा काडीचा उपयोग नाही, अशा जनुकाची अक्षरं इतक्या काळात शाबूत राहतील? बाटलीत न दिसणारं काही तरी निसर्गाला दिसतं आहे, एवढं तरी त्यातून मानावं लागतं.

बाटली म्हणजे काय गं? 25 अंश सेल्सिअस, मक्याच्या पिठाचा आणि यीस्टचा तयार खाऊ, ना थंडी, ना ऊन, ना अळीत अंडी घालणारी गांधीलमाशी. 2010 मध्ये डेव्हिड स्टर्नच्या गटानं काय दाखवलं, ते तूच मला सांगितलं होतंस. अळीच्या अंगावर लव आणणाऱ्या शेव्हनबेबी जनुकाचे वरवर जादा वाटणारे नियंत्रक काढून टाकले, तर 25 अंशांना फारसा फरक नाही. तापमान 17वर नेलं किंवा 32वर नेलं, की लव झडू लागली. ते जोडजनुकांचं उदाहरण नव्हे, कबूल. पण तुझ्या माश्या तू 25 अंशांखेरीज कधी वाढवल्यास? सांग ना. मला आठवत नाही तू तसं म्हणाल्याचं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती झुरिकच्या मार्कुस नोल यांच्या प्रयोगशाळेतली गोष्ट. पेअर्ड, गूजबेरी आणि गूजबेरी-न्यूरो, एकाच पूर्वज-जनुकातून आलेली तीन जनुकं. तिघांची कामं केवढी वेगळी. पेअर्ड बिघडलं की एकाआड एक खंड गळतात. गूजबेरी बिघडलं की प्रत्येक खंडाचा नकाशा चुकतो. गूजबेरी-न्यूरोचं मुख्य ठिकाण चेतासंस्था. तिघांच्या प्रथिनांचा डीएनएला धरणारा भाग एकमेकांशी जुळतो, बाकीचा पार वेगळा. कुणीही म्हणेल, प्रथिनं बदलली म्हणून कामं बदलली. नोल आणि शुएलिन ली यांनी 1994 मध्ये ते तपासूनच पाहिलं. गूजबेरीचं नियंत्रण करणारा डीएनए घेतला, आणि त्याच्यापुढे पेअर्डचं प्रथिन बनवणारा भाग जोडला. तसाच गूजबेरी-न्यूरोचाही. ते गूजबेरी नसलेल्या गर्भात घातलं, आणि गर्भ सावरला. म्हणजे प्रथिनं एकमेकांचं काम करू शकत होती. त्यांना वेगळं केलं होतं ते कुठे आणि केव्हा बोलावलं जातं यानं.

पुढे त्याच गटानं उलट बाजूनंही पाहिलं. पेअर्डच्या जागी गूजबेरी. काही कामं झाली, काही झाली नाहीत. पेअर्डच्या पदरात एकच काम नव्हतं ना. अळीचे खंड पाडायचे, माशी जगवायची, नराची प्रजननक्षमता घडवायची. नात्यातलं प्रथिन त्यातलं काही उचलतं, काही उचलू शकत नाही. ‘हे त्याची जागा घेऊ शकतं का,’ या प्रश्नाचं हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर येत नाही. ‘कुठल्या कामात, किती?’ असं विचारावं लागतं.

आणि गूजबेरी व गूजबेरी-न्यूरो तर पाठीला पाठ लावून बसलेली, मधे डीएनएचा एकच पट्टा. त्यातले नियंत्रक दोन्हीकडे पोहोचू शकतील इतके जवळ. तरी प्रत्येक नियंत्रक आपापल्याच जनुकाला हाक देतो, कारण जनुकाच्या आरंभीचा भाग आणि नियंत्रक यांचं जुळावं लागतं. तुझी जोडीही अशीच शेजारची आहे, हो ना? तिच्यामधला पट्टा तू अजून उलगडून पाहिलेला नाहीस.

क्निर्प्सबद्दल लिहायला बसले की मला अजूनही उभं राहावंसं वाटतं. क्निर्प्स गेलं की अळीच्या पोटाचे खंड गळतात. क्निर्प्स-रिलेटेड त्याचं अगदी जवळचं नातलग, गर्भात जवळपास त्याच जागी, त्याच वेळी चालू होतं, प्रथिनही जुळतं. मग क्निर्प्स नसताना ते पुढे येऊन पोट का वाचवत नाही? हर्बर्ट येक्ल यांच्या गटानं 1992 मध्ये याचं उत्तर दिलं, आणि ते उत्तर प्रथिनात नव्हतं, नियंत्रकातही नव्हतं. ते होतं लांबीत. क्निर्प्सचं जनुक साधारण 3 हजार अक्षरांचं. क्निर्प्स-रिलेटेड 23 हजारांचं, कारण त्याच्या मधोमध पुढे कापून टाकला जाणारा भलामोठा इन्ट्रॉन आहे. माशीच्या कोवळ्या गर्भात केंद्रकं भराभर दुभागत असतात, सुरुवातीच्या एकेका फेरीला आठ-दहा मिनिटं. केंद्रक दुभागायला लागलं की अर्धवट लिहिलेला आरएनए टाकून द्यावा लागतो. छोटं जनुक तेवढ्या वेळात वाचून होतं. मोठं पुरं होण्याआधीच वेळ संपतो. दर फेरीला नव्यानं सुरुवात आणि दर फेरीला अर्धवट.

त्यांनी मग तो इन्ट्रॉन काढून टाकला. इन्ट्रॉन नसलेलं क्निर्प्स-रिलेटेड क्निर्प्सच्या नियंत्रणाखाली गर्भात घातलं, आणि क्निर्प्स नसलेल्या गर्भाच्या पोटाचे खंड परत आले.

किती दिवस मी हे वर्गात सांगत आले, आणि दर वेळी मुलं क्षणभर गप्प होतात. ज्याला काम येत नाही असं दिसत होतं, त्याला काम येत होतं. त्याला वेळ पुरत नव्हता. पुढे गर्भ मोठा होतो, पेशी सावकाश विभागू लागतात, तेव्हा तेच क्निर्प्स-रिलेटेड क्निर्प्सच्या बरोबरीनं राबतं. पंखातली दुसरी लांब शीर ही दोघांच्या मिळून केलेल्या कामानं उमटते. एकाच जोडीत पोटापाशी एकटं क्निर्प्स अपरिहार्य, आणि पंखापाशी दोघांचा सामाईक कारभार. मग त्या जोडीला तू काय म्हणशील, एक कामाचं आणि एक बिनकामाचं? कुठल्या तासाला? शरीराच्या कुठल्या जागी?

आयलेस तर तुझं लाडकं. 1995 मध्ये बाझलला गेरिंग यांच्याकडे हाल्डर आणि कालार्ट्स यांनी ते जनुक नको त्या ठिकाणी चालू केलं, आणि माशीच्या पायावर, पंखावर, मिशीवर डोळे उगवले. उंदराचं तेच जनुक घातलं तरी माशीत माशीचेच डोळे उगवले. त्याचा फोटो तू माझ्या फ्रिजवर लावून गेलीस, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मला तो समजावून सांगावा लागतो. आयलेसचा बिघाड 1915 पासून माहीत होता. त्याचं जोडजनुक, ट्विन ऑफ आयलेस, हाती लागलं ते चौऱ्याऐंशी वर्षांनी, 1999 मध्ये. ते गर्भात आयलेसच्या आधी चालू होतं आणि आयलेसला चालू करतं. एका जनुकाचं दोन झालं, आणि कालांतरानं एक दुसऱ्याच्या वरच्या पायरीवर गेलं. त्यांच्यात तीव्र बिघाड झाला, तर माशी डोकं नसलेली निघू शकते. इतकी वर्षं एकट्या आयलेसच्या नावावर जे खातं होतं, त्यात दुसऱ्याचाही वाटा निघाला.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, बहिणी-बहिणींसारखंच आहे की हे. मी तसं म्हणणार नाही. तुझ्या आईनं आणि मी आजीचं आजारपण वाटून घेतलं ते बोलून, भांडून, एकमेकींचं तोंड बघून. जनुकांना यातलं काही नसतं. जादा प्रत कुणाची वाट पाहत नाही, कुणासाठी मागे सरत नाही. तुझ्या त्या ‘रिकामटेकडं’मध्ये हीच गडबड आहे. तू जनुकाला माणसाचा स्वभाव लावलास आणि मग त्याच्यावर रुसलीस.

प्रत्यक्षात काय घडतं? सुसुमु ओहनो यांनी 1970च्या पुस्तकात म्हटलं की एक प्रत जुनं काम सांभाळते म्हणून दुसरी बदलायला मोकळी होते. बहुतेक वेळा ती बिघडून जाते, क्वचित नवं काम शिकते. मग इतक्या जोड्या टिकल्या कशा? 1999 मध्ये अॅलन फोर्स, मायकेल लिंच, जॉन पोस्टलथ्वेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा आणि मला फार सुंदर वाटणारा मार्ग सुचवला. मूळ जनुकाला दोन ठिकाणी काम आहे, त्यासाठी दोन नियंत्रक आहेत. दोन प्रती झाल्यावर एकीचा पहिला नियंत्रक सहज बिघडतो, कारण दुसरी आहे म्हणून काही अडत नाही. पुढे कधी तरी दुसरीचा दुसरा नियंत्रक बिघडतो. आता दोन्ही प्रती लागतात. कुणालाच नवं काही मिळालेलं नाही. दोघांचंही काही तरी गेलं, आणि म्हणूनच दोन्ही उरली. माशीतल्या जोड्या तुझ्यासमोर या वाटेवरच्या निरनिराळ्या टप्प्यांवर उभ्या आहेत. तुझी जोडी कुठल्या टप्प्यावर आहे, हा तुझा विषय आहे. तो तू अजून सुरूच केलेला नाहीस, भाचीबाई. तू फक्त दार उघडून आत डोकावलीस.

पण खोटा धीर मी तुला देणार नाही. सगळ्याच जोड्यांत गुपित दडलेलं नसतं. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी आणि केनियात जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या घरातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास आणि चव नीट न कळणाऱ्या माश्या 1970च्या दशकात शोधायला घेतल्या, तेव्हा गंध ओळखणारी जनुकं कुणाच्या हाती नव्हती. ती 1999 मध्ये सापडली. आज त्यांचा साधारण 60 जनुकांचा गोतावळा माहीत आहे, सगळी एकमेकांच्या नात्यातली. त्यात ओआर 22ए आणि 22बी ही अगदी लगतची जोडी, दोन्ही एकाच चेतापेशीत चालू. येलमध्ये 2003 साली दोन्ही काढली तर त्या पेशीला फळांचा वास कळेना. 22ए परत दिलं, वास कळू लागला. 22बी दिलं, तर काही नाही. असंही उत्तर येतं. पण ते उत्तर काय काय करून मिळालं, ते बघ. आधी दोन्ही काढली, मग एकेक परत देऊन पाहिली, आणि मग लिहिलं. तुझ्या जनुकाचं उत्तरही ‘काही नाही’ असंच येऊ शकेल. येऊ दे. ते विचारून आलेलं असेल. आत्ता तू दिलेलं उत्तर न विचारता दिलेलं आहे.

तुला वाटत असेल, घरात बसून बोलायला मावशीचं काय जातं. कुमारी माद्या गोळा करायला रात्री-अपरात्री तूच उठतेस, आठ तासांचा हिशेब चुकला की सगळा क्रॉस वाया जातो, हे मला ठाऊक आहे. आमच्या वेळी बाटलीत सडकं केळं आणि भिंगाखाली पांढऱ्या डोळ्याची माशी, एवढ्यावर प्रात्यक्षिक संपायचं. निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं, आपलं शिकणं संपलं. मग एका उन्हाळ्यात तू आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदाच्या पट्ट्या कापून मला क्रिस्पर समजावलंस, आणि मी लाळग्रंथी सोडवताना तुला जसं रागावले होते तसंच मला रागावलीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते. या वयात मला पुन्हा विद्यार्थिनी केलंस. अशा मुलीला मी हातची गोष्ट सोडून कशी देऊ देईन?

तेव्हा ऐक. दोन्ही जनुकं इतकी लागून आहेत की एकेकट्या बिघाडाच्या माश्यांचा क्रॉस लावून तुला दुहेरी माशी सहजी मिळणार नाही, हे मला कळतं. मग तो सगळा भाग एकदमच काप. पुन्हा वळलेल्या पंखांसमोर स्टॉक बांध आणि पुन्हा मोज. सरळ पंखाची एकही निघाली नाही, तर गर्भ कुठल्या तासाला मरतो ते पाहा. निघाल्या, तर त्यांना 17 अंशांना वाढव, 29ला वाढव, उपाशी ठेव, म्हाताऱ्या होऊ दे. मग एकेक जनुक परत दे, आधी स्वतःच्या नियंत्रणाखाली, मग एकमेकांच्या. दोघांमधला तो डीएनएचा पट्टा तुकडे करून तपास. कोण कुठे आणि केव्हा चालू होतं, ते रंगवून बघ. आणि एवढं करूनही काहीच दिसलं नाही, तर ‘या या परिस्थितीत काही दिसलं नाही’ असं सरळ लिही. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? पुढच्या कुणा मुलीचा वेळ वाचेल.

गाइडशी भांडू नकोस, नीट बोल. त्यांनी दुसरा विषय सुचवला तो तुझ्या काळजीनंच. त्यांच्यासमोर दुहेरी माशीचा आराखडा कागदावर मांडून ठेव आणि एवढ्यापुरता वेळ माग. शास्त्रज्ञ माणूस प्रयोगाच्या आराखड्याला नाही म्हणताना शंभरदा विचार करतो. आणि तरीही विषय बदलायचाच असेल, तर बदल. माझी माया त्यानं कमी होणार नाही. पण ‘ह्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही’ हे कारण देऊन बदलू नकोस. एकदा एकाच परिस्थितीत तपासून असा निकाल देता येत नाही, जनुकाबद्दल नाही आणि कशाहीबद्दल नाही.

आईला फोन कर, ती काळजीत आहे. मग मला कर, कितीही वाजलेले असोत. आणि उद्या सकाळी त्या बाटल्या टाकून देण्याआधी दोन्ही जनुकं एकत्र कापायला क्रिस्परचे गाइड आरएनए मागव.

तुझी,
मावशी